बोलतं करणारी माणसं

सोमवारची सकाळ. अकोल्याचं सर्वोपचार असो की अमरावतीचं इर्विन, सरकारी रुग्णालयात सोमवारी गर्दी ठरलेलीच. कान-नाक-घसा विभागाबाहेरच्या बाकावर एक आई बसलेली आहे. मांडीवर अडीच वर्षांचा मुलगा, शेजारी सासूबाई, हातात केसपेपर. नंबर लागल्यावर आधी सासूबाईच बोलतात, ‘‘डाक्टरसाहेब, पोरगं बोलत नाही. ऐकू तं येते त्याले. भांडं पडलं का वयून पाहते. याचा बापबी चार वर्साचा झाल्यावर बोलला होता, म्हणून आम्ही थांबलो.’’

हे चित्र कुण्या एका घराचं नाही. दर्यापूर, बाळापूर, तेल्हारा, चांदूर बाजार. गाव बदललं तरी वाक्यं फारशी बदलत नाहीत. कुणी ‘जीभ चिकटलेली आहे’ असं सांगितलेलं असतं, कुणी नवस बोललेला असतो, कुणी ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून धीर दिलेला असतो. डॉक्टर कान तपासतात, पडदा ठीक दिसतो. मग एक चिठ्ठी लिहून ते या घरातल्यांना व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीकडे पाठवतात. दारावर पाटी असते : ‘ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट’. बहुतेकांना वाटतं, इथे मशीनवर कान तपासून मिळतात. रिपोर्ट घ्यायचा, डॉक्टरांना दाखवायचा आणि घरी जायचं.

खरं काम त्या रिपोर्टनंतर सुरू होतं आणि महिनोन्महिने चालतं. ते करणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. त्यातली बरीच जण या खोलीत यायचं आधीपासून ठरवून आलेली नसतात. तरीही एकदा आली की त्यांच्यापैकी काही जण इथेच रमतात. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पसंतीक्रमातलं शेवटचं नाव

वऱ्हाडात बारावी सायन्स म्हणजे नीट, हे समीकरण आता घराघरात पोचलं आहे. अकोल्याच्या शिकवणी वर्गांमध्ये आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं येऊन राहतात. निकाल लागतो, एमबीबीएसची आशा संपते, मग बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी असा पसंतीक्रम भरायला बसतात. त्या यादीत खाली कुठेतरी चार-पाच अक्षरांचं एक नाव असतं : बीएएसएलपी. म्हणजे श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार या विषयांतली पदवी. तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप, असा तो चार वर्षांचा अभ्यासक्रम. ‘भरून तर ठेवू’ म्हणून ते नाव लिहिलं जातं आणि कधी कधी तेच लागतं.

मग घरी प्रश्न सुरू होतात. डॉक्टर होणार का? नाही. नर्स? नाही. मशीनवर काम आहे का? थोडंफार. मग नेमकं करणार काय? याचं उत्तर पहिल्या वर्षी त्या मुलीलाही देता येत नाही. (या शाखेत मुलींचं प्रमाण मोठं आहे.) वर्गात कानाची आणि स्वरयंत्राची रचना शिकवतात, ध्वनीचं भौतिकशास्त्र शिकवतात, मेंदू शिकवतात, मानसशास्त्र शिकवतात आणि भाषाशास्त्रही शिकवतात. ओठ मिटले की प-ब-म, जिभेचं टोक दातांना लागलं की त-द, जिभेचा मागचा भाग टाळूला लागला की क-ग, हे बालभारतीत कधीच न पडलेले प्रश्न इथे अभ्यासाचा विषय असतात.

आपल्या देशात हे शास्त्र तसं तरुण आहे. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू झालं. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. व्यावसायिकांची नोंदणी आणि शिक्षणाचा दर्जा सांभाळण्यासाठी १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ‘वाचा व भाषा दोष’ स्वतंत्रपणे नोंदवला गेला. गरज मात्र फार जुनी आणि फार मोठी आहे. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख आणि वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख व्यक्तींची नोंद झाली. पक्षाघातानंतर बोलणं गेलेले, अडखळत बोलणारे, आवाज बसलेले असे अनेक जण अशा मोजणीत दिव्यांग म्हणून नोंदलेच जात नाहीत; त्यांनाही याच खोलीची गरज असते.

वाट चुकून आलेली माणसं

या क्षेत्रात आडवाटेने आलेल्यांची परंपरा जुनीच आहे. लायोनेल लोग हे ऑस्ट्रेलियातले वक्तृत्वाचे शिक्षक. भाषण कसं करावं, कविता कशी म्हणावी, हे ते शिकवत. पहिल्या महायुद्धातून सैनिक परतले तेव्हा विषारी वायूने आणि युद्धाच्या धसक्याने कित्येकांची वाचा बिघडलेली होती. लोग यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, पण त्यांनी या सैनिकांना श्वासावर आणि स्वरावर ताबा मिळवायला मदत केली. तिथून त्यांच्या आयुष्याने वळण घेतलं. १९२४ मध्ये ते लंडनला गेले. १९२६ मध्ये त्यांच्याकडे एक राजपुत्र आला. हाच पुढे इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज झाला. अडखळण्यामुळे जाहीर भाषण त्याला शिक्षेसारखं वाटे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्ध सुरू झाल्याचं त्याने रेडिओवरून देशाला सांगितलं, तेव्हा लोग त्याच्या सोबत होते. २०१०चा ‘द किंग्ज स्पीच’ हा चित्रपट याच जोडीवर आहे.

अमेरिकेतले चार्ल्स व्हॅन रायपर यांची वाट आणखी खडतर होती. १९०५ मध्ये जन्मलेले व्हॅन रायपर स्वतः फार अडखळत. तरुणपणी एकदा बोलण्याची लाज टाळण्यासाठी त्यांनी मुका-बहिरा असल्याचं सोंग करून शेतावर मजुरी केली, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. पुढे प्रवासात त्यांना एक म्हातारा भेटला. तोही अडखळत होता, पण जोर न लावता, न घाबरता, हसत हसत बोलत होता. त्यावरून त्यांना सुचलं, की अजिबात अडखळायचंच नाही या हट्टानेच त्रास वाढतो. अडखळायचंच असेल तर सहज, हलकं अडखळायला शिकता येईल. १९३६ मध्ये त्यांनी मिशिगनमध्ये वाचा-उपचार केंद्र सुरू केलं. त्यांची पद्धत आजही शिकवली जाते.

आणि लुईस ट्रेसी. प्रसिद्ध अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांची पत्नी. बाळ झोपलं असताना दार जोरात आपटलं आणि तरी ते जागं झालं नाही, तेव्हा बाळाला ऐकू येत नसल्याचं तिच्या लक्षात आलं. मुलाला बोलतं करण्यासाठी तिने जे शिकून घेतलं ते इतर आयांपर्यंत पोचावं म्हणून १९४२ मध्ये तिने मुलाच्या नावाने केंद्र सुरू केलं. पुढे टपालाने धडे पाठवून जगभरातल्या पालकांना घरबसल्या शिकवण्याचं काम या केंद्राने केलं.

वक्तृत्वशिक्षक, स्वतः अडखळणारा तरुण, बहिऱ्या मुलाची आई. तिघांपैकी कुणीही हा व्यवसाय निवडायला निघालं नव्हतं. समोर बोलू न शकणारं माणूस आलं, त्याच्याकडे त्यांनी नीट लक्ष दिलं आणि हेच आपलं काम असल्याचं उमगलं. व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतही बहुधा असंच घडतं.

भांडं ऐकू येतं, शब्द नाही

अडीच वर्षांच्या त्या मुलाकडे परत जाऊ. आजी खोटं बोलत नव्हती. भांडं पडलं की तो खरंच वळून पाहतो. पण आवाज ऐकू येणं आणि शब्द ऐकू येणं यात फरक आहे. स, श, त, क, फ हे ध्वनी फार हलके असतात. श्रवणदोष मध्यम स्वरूपाचा असला, तर ट्रॅक्टर, फटाका, भांडं ऐकू येतं. बोलणं मात्र भिंतीपलीकडून यावं तसं अस्पष्ट येतं. जे नीट ऐकूच आलं नाही ते मूल बोलणार कसं?

म्हणून आधी तपासणी. ओएई या चाचणीत कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहतात. बेरा चाचणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावून, आवाजाला मेंदूकडे जाणारी नस कसा प्रतिसाद देते ते नोंदवतात. मुलाने काही सांगायची गरज नसते, त्यामुळे दोन दिवसांच्या बाळाचीही तपासणी होऊ शकते. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष दर हजार बाळांमागे एक ते तीन जणांत आढळतो. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. कारण पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू भाषा ज्या वेगाने टिपतो तो वेग नंतर राहत नाही. ‘थांबून पाहू’ म्हणून गेलेली वर्षं पुढे भरून काढणं फार कठीण जातं.

निदान झालं, यंत्र बसलं, म्हणजे काम झालं असं नाही. श्रवणयंत्र असो की कॉक्लिअर इम्प्लांट, त्यातून मुलाला फक्त आवाज मिळतात. त्या आवाजांचा अर्थ लावायला शिकवणं हे थेरपिस्टचं काम. दाराची कडी, गायीचं हंबरणं, आईची हाक. एकेक आवाज ओळखायचा, मग एकेक शब्द. आठवड्यातून एक-दोनदा पाऊण तासाची बैठक आणि बाकीचे दिवस घरी आईने, आजीने घेतलेला सराव. म्हणून चांगली थेरपिस्ट मुलाइतकाच वेळ आईला देते. ‘‘ताई, भाकरी करताना त्याच्याशी बोलत जा. पीठ, पाणी, तवा, गरम. तो बोलत नाही म्हणून तुम्ही गप्प बसू नका,’’ हे ती पुनःपुन्हा सांगत राहते.

‘तेयं’ म्हणणाऱ्या मुलाची चूक कोणती?

वऱ्हाडाचा खरा संबंध इथे येतो. समजा, पाच वर्षांचा एक मुलगा केळं दाखवल्यावर ‘तेयं’ म्हणतो. पुस्तकी मराठीच्या मापाने त्यात दोन चुका आहेत : ‘क’ऐवजी ‘त’ आणि ‘ळ’ऐवजी ‘य’. पण वऱ्हाडात डोळ्याला डोया, जवळला जवय आणि केळ्याला केयं म्हणणारी घरं कितीतरी आहेत. त्या मुलाची आई ‘केयं’ म्हणते, आबाजी ‘केयं’ म्हणतात. तेव्हा ‘य’ हा दोष नाही, तो घरचा वारसा आहे. दोष असलाच तर ‘त’चा. जिभेचा मागचा भाग उचलायच्या ऐवजी तो टोक उचलतो आहे. अगदी लहानपणी बरीच मुलं काकाला ‘ताता’ म्हणतात, पण चौथ्या वर्षापर्यंत ही सवय सहसा सुटते. पाचव्या वर्षीही ती टिकली असेल, तर थोड्या सरावाने ती दुरुस्त करता येते.

वऱ्हाडी कानावर न पडलेली व्यक्ती या मुलाच्या फायलीत दोन दोष लिहील आणि ‘ळ’ घोटवण्यात कित्येक आठवडे घालवील. इथे वाढलेली मुलगी त्याच खुर्चीत बसली, तर ती पहिल्या मिनिटाला ओळखील, की ‘त’ दुरुस्त करायचा आहे आणि ‘य’ला हात लावायचा नाही. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘मला’ला ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाचंही तसंच. शाळेची प्रमाण मराठी तो शाळेत शिकेल. उपचाराच्या खोलीत त्याला त्याच्या घराची भाषा हवी. ज्या जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, लोकांच्या बोलीला मान देणाऱ्या महानुभावांनी लीळाचरित्रासारखा मराठीतला आद्य गद्यग्रंथ घडवला, तिथल्या मुलाला त्याची बोली चूक आहे असं सांगणं बरं नव्हे.

मेळघाटात हा प्रश्न आणखी बिकट होतो. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू घरांतली भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही. ती मुंडा गटातली, संथालीच्या नात्यातली. घाट उतरून अमरावतीला पोचलेल्या कोरकू मुलाला मराठीतल्या चित्रकार्डांवरून तपासलं, तर त्याला शब्द येत नाहीत की मराठी येत नाही, हे कसं कळणार? तिथे निदान आईशी बोलूनच करावं लागतं. एखाद्या कोरकू मुलीने हा अभ्यासक्रम निवडला, तर तिच्या हातून जे काम होईल ते दुसऱ्या कुणाकडूनही होणार नाही.

वैद्यकातल्या बहुतेक शाखांत डॉक्टर कुठल्या गावचा आहे, याने उपचारात फारसा फरक पडत नाही. अपेंडिक्स मुंबईत आणि मूर्तिजापुरात सारखंच काढतात. वाचा-उपचारात मात्र बोली हेच औजार असतं. एरवी वऱ्हाडी बोलतो म्हणून शहरातल्या कॉलेजात ज्यांची थट्टा होते, त्यांची तीच बोली या कामात सर्वांत मोठी शिदोरी ठरते. बीएएसएलपी करून परत आलेल्या मुलामुलींना हे लक्षात येतं, तेव्हा पसंतीक्रमातल्या शेवटच्या नावाकडे त्या वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

शब्द गेले, भजन राहिलं

त्या खोलीत फक्त मुलं येत नाहीत. मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झाला, की पुष्कळदा उजवा हात-पाय जातो आणि सोबत भाषाही जाते. याला अफेझिया म्हणतात. पक्षाघातातून वाचलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत तो आढळतो. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याला समजत बरंच होतं, पण तोंडातून ‘तान’ एवढंच निघे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली आणि बोलण्याचं केंद्र डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात असल्याचं समजलं.

घरच्यांना वाटतं, आबाजींना वेड लागलं, किंवा त्यांना काही कळत नाही. वस्तुतः अनेकांना कळत असतं, शब्द तेवढा सापडत नसतो. पाणी हवं असतं आणि तोंडातून ‘चावी’ निघतं. मग चिडचिड, रडणं. अशा वेळी एक अजब गोष्ट दिसते. ज्यांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, त्यांतल्या काहींना लहानपणापासून पाठ असलेलं भजन सुरात म्हणता येतं. सूर आणि ताल सांभाळण्यात मेंदूच्या उजव्या भागाचा मोठा वाटा असतो आणि तो शाबूत असतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत यावरूनच सुरांच्या आधाराने बोलणं शिकवण्याची पद्धत निघाली. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने ज्यांच्या गावच्या संध्याकाळी भरलेल्या असायच्या, त्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही वाट किती जवळची आहे! थेरपिस्ट हाताने ताल धरते, ओळखीच्या चालीवर ‘पा-णी-दे’ म्हणवून घेते आणि हळूहळू चाल काढून घेते. सगळ्यांना जमत नाही, पण ज्यांना जमतं त्यांच्या घरात पुन्हा बोलणं सुरू होतं.

गिळण्याचं कामही याच खोलीतलं. पक्षाघातानंतर पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर ते पाणी श्वासनलिकेत उतरतं आहे अशी शंका घ्यावी. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मान किती झुकवायची, पातळ पदार्थ किती दाट करायचा, हे थेरपिस्ट शिकवते. विदर्भात खर्ऱ्याने तोंड उघडेनासे झालेले, जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण येतात. उरलेल्या जिभेने बोलायला आणि गिळायला त्यांना नव्याने शिकावं लागतं. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं येतात. वर्गात ओरडून आवाज बसलेले शिक्षक, सप्ताहात रोज उभे राहणारे कीर्तनकार, बाजार समितीत हर्रास पुकारणारे, सगळ्यांचा आवाज याच खोलीत दुरुस्त होतो.

बोलणं जमलं नाही तरी

या कामात चमत्कार नाहीत, हे इथे रुजू पाहणाऱ्याने आधीच समजून घ्यायला हवं. सर्जनला टाके घातल्यावर काम पूर्ण झालेलं दिसतं. इथे तीन महिन्यांत ‘मा’ एवढंच हाती लागतं आणि तेही पुढच्या आठवड्यात हरवतं. सोयाबीन काढणीला आली, कापूस वेचणीला आला की आया यायच्या थांबतात. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, घरातली बोलणी, यात अर्धे उपचार सुटतात. अनेक पदं कंत्राटी असतात. काही मुलं कितीही प्रयत्न केले तरी बोलत नाहीत. अशा वेळी ‘आपण काय केलं?’ हा प्रश्न छळतो. या टप्प्यावर काही जण क्षेत्र सोडतात.

जे राहतात त्यांनी एक गोष्ट ओळखलेली असते. बोलणं हे साधन आहे. माणसाला समजून घेणं आणि त्याला आपलं म्हणणं सांगता येणं हे खरं काम. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांसाठी घर उभं केलं. मूकबधिर, मतिमंद, अंध अशी मुलं तिथे त्यांचंच नाव लावून वाढली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते थेरपिस्ट नव्हेत. पण न बोलणाऱ्या मुलाचंही म्हणणं असतं आणि ते ऐकण्याची जबाबदारी बोलणाऱ्यांची असते, हे वऱ्हाडाने त्यांच्या कामातून पाहिलं आहे. थेरपिस्टही जिथे तोंडचे शब्द येणार नाहीत तिथे चित्रांची वही, हातवारे, सांकेतिक भाषा यांचा रस्ता उघडते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ पासून दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे आणि २०२१ मध्ये तिचा शब्दकोश दहा हजार शब्दांपर्यंत पोचला. खुणा शिकल्या की मूल बोलणार नाही, ही भीती खरी नाही. ज्याला एका वाटेने सांगता येतं, ते दुसरी वाटही शोधतं.

पालकांनी काय पाहावं, मुलांनी काय विचारावं

पालकांसाठी काही साध्या खुणा आहेत. एक वर्षापर्यंत बाळ ‘बाबाबा, मामामा’ असे आवाज करत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल. किंवा बोलत असलेलं मूल बोलायचं थांबलं असेल, तर थांबू नये. आधी कान तपासावेत. नुसत्या चिकटलेल्या जिभेमुळे मूल बोलायचं राहत नाही. काही उच्चार फार तर अस्पष्ट होतात. दोन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोबाइल देऊ नये. मोबाइल बोलतो, पण मुलाचं ऐकत नाही. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात; मात्र ते अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा मूल बोलताना जोर लावू लागलं, तर दाखवावं. ‘नीट बोल’ म्हणून दटावू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांमधल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवर पाठवलं जातं. श्रवणयंत्रं आणि लहान मुलांचं कॉक्लिअर इम्प्लांट यासाठी सरकारी योजना आहेत. इम्प्लांटमध्ये वयाची अट असते, म्हणून उशीर करू नये.

आणि ज्या मुलामुलींच्या पसंतीक्रमात ते शेवटचं नाव आहे, त्यांनी प्रवेश घ्यायच्या आधी एक दिवस एखाद्या वाचा-उपचार केंद्रात, परवानगी घेऊन, नुसतं बसून यावं. तेच चित्रकार्ड चाळिसाव्यांदा दाखवताना थेरपिस्टचा आवाज बदलतो का, ते पाहावं. आपल्याला ते करता येईल का, हे स्वतःला विचारावं. ऐकायला आवडतं का? भाषेची मौज वाटते का? दुसऱ्याच्या छोट्याशा यशाने दिवस चांगला जातो का? याची उत्तरं ‘हो’ असतील, तर नीटची रँक विसरायला हरकत नाही.

त्या अडीच वर्षांच्या मुलासारखी मुलं यंत्र लावून, आईचं बोट धरून दर आठवड्याला येत राहतात. बहुतेक दिवशी काहीच घडत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यातल्या दुपारी मूल टेबलावरच्या स्टीलच्या पेल्याकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, ‘‘पानी.’’ आई थेरपिस्टकडे पाहते, आजी पदर तोंडाला लावते. थेरपिस्ट पेला त्याच्या हातात देते आणि फाइल उघडून तारखेपुढे लिहिते : पानी. उच्चार बरोबर.